ग्रंथिज्वराच्या विषाणूचे बिऱ्हाड

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. तो मणक्यालगतच्या चेतापेशींत दबा धरून बसतो आणि उतारवयात कधीतरी नागीण होऊन छातीवर किंवा कमरेवर उठतो, हे आता पुष्कळ घरांत माहीत असते. त्याच हर्पीस कुळातला आणखी एक विषाणू जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या अंगात आयुष्यभर असतो, पण त्याचे नाव फार थोड्यांनी ऐकलेले असते: एपस्टाइन-बार विषाणू. तो लाळेतून पसरतो. ज्याला आपण उष्टे म्हणतो, त्या वाटेने तो एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातो. बाळाला आईने चावून मऊ केलेला घास, भावंडांचा एकच पेला, तरुणपणातले चुंबन, यांपैकी काहीही त्याला पुरते. लहानपणी आला तर तो बहुधा कळतही नाही. पौगंडात किंवा विशीच्या आसपास आला, तर मात्र अनेकांना आठवडेच्या आठवडे ताप, गिळता येऊ नये असा घसा, मानेला दोन्ही बाजूंनी सुजलेल्या गाठी, वाढलेली पानथरी आणि अंगातला जीव काढून घेणारा थकवा देतो. हाच ग्रंथिज्वर, डॉक्टरी भाषेत इन्फेक्शस मोनोन्यूक्लिओसिस. या दिवसांत विषाणू नेमक्या कोणत्या पेशींत शिरलेला असतो, हा प्रश्न वरवर तज्ज्ञांपुरता वाटतो. पण या आजाराचे वागणे, त्यावरच्या औषधांची मर्यादा आणि तो आयुष्यभर मुक्कामाला का राहतो, या सगळ्याचा उलगडा त्याच्या उत्तरातच होतो. माझ्या मते त्या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न गुंतलेले आहेत: विषाणू राहतो कुठे, त्याचे पीक निघते कुठे, आणि माणसाला अंथरुणाला खिळवते कोण. शंभर वर्षे जो गोंधळ झाला, तो या तिन्हींना एकच उत्तर असेल असे धरून चालल्यामुळे झाला.

गोंधळाला कारणही तसेच होते. १८८९ मध्ये एमिल फायफर या जर्मन वैद्याने गाठी आणि ताप यांची जोडी पाहून या आजाराला ग्रंथिज्वर म्हटले. १९२० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या स्प्रंट आणि इव्हान्स यांनी सहा तरुण रुग्णांच्या रक्ताचे वर्णन केले. त्यांच्या रक्तात पांढऱ्या पेशींपैकी लिम्फोसाइट जातीच्या पेशी भरमसाट वाढल्या होत्या, आणि त्यांतल्या कित्येक नेहमीच्या लहान, गोल, शांत पेशींसारख्या दिसत नव्हत्या. त्या मोठ्या होत्या, त्यांचा पेशीरस पसरट होता, कडा शेजारच्या तांबड्या पेशींभोवती वळलेल्या होत्या. सूक्ष्मदर्शकाखाली हे चित्र रक्ताच्या कर्करोगाची आठवण करून देणारे होते, आणि तरीही ती माणसे आपोआप बरी झाली. आजही एखाद्या तरुण मुलाच्या रक्ततपासणीत ‘अटिपिकल लिम्फोसाइट’ असे छापून येते, तेव्हा घरच्यांच्या पोटात गोळा येतो तो याच साम्यामुळे. १९२३ मध्ये डाउनी आणि मॅकिन्ले यांनी या पेशींचे प्रकार लावले. विषाणूचा पत्ता लागल्यावर मनात येणारा पहिला तर्क अगदी साहजिक होता: ज्या पेशी इतक्या विचित्र दिसतात, त्यांच्यातच विषाणू शिरला असणार. हा तर्क चुकीचा निघाला. खरे तर इशारा १९२० च्या त्या निबंधाच्या शीर्षकातच होता. त्यात या पेशींच्या वाढीला संसर्गाला दिलेली ‘प्रतिक्रिया’ म्हटले होते. पाहणाऱ्यांनी योग्य शब्द निवडला होता, पुराव्याला मात्र अर्धे शतक लागले.

त्याआधी एक विलक्षण खूण सापडली होती. १९३२ मध्ये पॉल आणि बनेल यांना असे दिसले की या रुग्णांच्या रक्तद्रवात मेंढीच्या तांबड्या पेशींना चिकटवून त्यांच्या गुठळ्या करणारे प्रतिपिंड असतात. माणसाला ताप आला आणि त्याचे शरीर मेंढीच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंड बनवू लागले, हे कोड्यात टाकणारे होते. पुढे कित्येक दशके हीच गोष्ट निदानाच्या चाचणीसाठी वापरली गेली, पण तिच्या अर्थाकडे पुरेसे लक्ष गेले नाही. प्रतिपिंड बनवणे हे बी-लिम्फोसाइटचे काम. प्रत्येक बी-पेशी एकाच विशिष्ट आकाराचे प्रतिपिंड बनवू शकते, आणि एरवी त्या प्रतिपिंडाला जुळणारा परका पदार्थ शरीरात आल्याशिवाय ती कामाला लागत नाही. मेंढी समोर नसताना मेंढीविरुद्ध प्रतिपिंड तयार होत असतील, तर त्याचा सर्वांत सरळ अर्थ असा की कोणीतरी बी-पेशींना आतूनच, सरसकट, निवड न करता जागे करत आहे. विषाणू कोणाच्या घरात शिरला आहे हे रक्ताने १९३२ मध्येच सांगितले होते.

विषाणू प्रत्यक्ष दिसला तो ग्रंथिज्वराच्या शोधात नव्हे, आफ्रिकी मुलांच्या जबड्यातल्या कर्करोगाच्या गाठींमुळे. युगांडात काम करणारे शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी मार्च १९६१ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलमध्ये या गाठींवर व्याख्यान दिले, आणि ऐकणाऱ्यांत अँथनी एपस्टाइन होते. त्यानंतर कंपालाहून गाठींचे नमुने विमानाने लंडनला येऊ लागले. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे एक विमान मँचेस्टरला वळवावे लागले, आणि नमुना उशिरा पोचला तेव्हा त्याभोवतीचे पाणी गढूळ झाले होते. जंतू वाढून नमुना बिघडला असेल असे समजून तो टाकून देता आला असता. एपस्टाइन यांनी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर गढूळपणा गाठीतून सुटून मोकळ्या तरंगणाऱ्या जिवंत पेशींचा होता. या गाठीच्या पेशी काचेला चिकटून वाढत नाहीत, त्यांना तरंगत वाढू द्यावे लागते, हे तिथे उमगले. तशा वाढवलेल्या पेशींत १९६४ मध्ये एपस्टाइन, इव्होन बार आणि बर्ट अचोंग यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून हर्पीस कुळाचा एक नवा विषाणू दिसला. त्या पेशी बी-लिम्फोसाइट वंशाच्याच होत्या. ग्रंथिज्वराशी त्याचे नाते फिलाडेल्फियात वेर्नर आणि गर्ट्रूड हेन्ले या दांपत्याच्या प्रयोगशाळेत जुळले. तिथल्या एका तंत्रज्ञ तरुणीच्या रक्तात या विषाणूविरुद्धचे प्रतिपिंड नव्हते, म्हणून तिचे रक्त नेहमी तुलनेसाठी वापरले जाई. १९६७ मध्ये तिला ग्रंथिज्वर झाला आणि प्रतिपिंड उमटले. १९६८ मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि येल विद्यापीठात विद्यार्थ्यांचे आजारापूर्वीचे व नंतरचे रक्तनमुने जपून ठेवलेले होते, त्यांनी याला दुजोरा दिला.

आता पेशी ओळखायची होती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टी-पेशी आणि बी-पेशी या लिम्फोसाइटच्या दोन जाती वेगळ्या ओळखण्याची एक सोपी युक्ती हाती आली. मेंढीच्या तांबड्या पेशी मिसळल्या की त्या माणसाच्या टी-पेशींभोवती फुलाच्या पाकळ्यांसारख्या चिकटतात, बी-पेशींभोवती चिकटत नाहीत. या आजाराच्या कथेत मेंढी दुसऱ्यांदा आली ती अशी. ग्रंथिज्वराच्या रक्तातल्या त्या मोठ्या, पसरट पेशींना ही कसोटी लावली तेव्हा त्या बहुतांशी टी-पेशी निघाल्या. दुसरीकडे, प्रयोगशाळेत हा विषाणू बी-पेशींवर घातला तर त्या अमर झाल्यासारख्या अखंड वाढत राहतात, हे सिद्ध झाले होते. त्याचे कारण १९८४ च्या सुमारास स्पष्ट होऊ लागले. बी-पेशीच्या पृष्ठभागावर सीडी-२१ नावाचे प्रथिन असते. विषाणूच्या वेष्टणावरचे जीपी-३५० हे प्रथिन त्याला घट्ट धरते. मग जीपी-४२ हे दुसरे प्रथिन बी-पेशीवरच्या एचएलए वर्ग-२ च्या रेणूला पकडते आणि दार उघडते. कुलूप आणि किल्ली दोन्ही हाती आली. म्हणजे सूक्ष्मदर्शकात जी पेशी डोळ्यांत भरते ती बाधित नव्हे, बाधितांवर चालून आलेली आहे. बाधित पेशी मात्र साध्या, लहान, कोणाच्या नजरेत न भरणाऱ्या बी-पेशी असतात.

आणि विषाणू आत शिरून गप्प बसत नाही. बी-पेशीला पुढे जायचे असेल तर तिला दोन संकेत लागतात: तिच्या प्रतिपिंडाला जुळणारा परका पदार्थ सापडल्याचा, आणि एखाद्या मदतनीस टी-पेशीने पाठीवर हात ठेवल्याचा. विषाणूची दोन प्रथिने हे दोन्ही संकेत खोटेच देतात. पेशीला वाटते आपण शत्रू ओळखला, आपल्याला मंजुरी मिळाली, आणि ती वाढू लागते. शेवटी ती स्मृतिपेशी बनते, म्हणजे एकदा पाहिलेला रोग वर्षानुवर्षे लक्षात ठेवणारी, रक्तात निवांत फिरणारी पेशी. तिथे विषाणू आपली जवळजवळ सगळी जनुके बंद करून टाकतो. पृष्ठभागावर कोणतीच खूण नसल्यामुळे टी-पेशींना ती परकी दिसत नाही. बोस्टनच्या डेव्हिड थॉर्ली-लॉसन यांच्या गटाने १९९८ मध्ये दाखवले की निरोगी माणसात हा विषाणू स्मृती बी-पेशींतच असतो, आणि दहा लाख बी-पेशींत एक ते पन्नास इतक्याच पेशींत. ग्रंथिज्वराच्या भरात मात्र चित्र फार वेगळे असते. याच गटाने २००४ मध्ये मांडले की काही रुग्णांत रक्तातल्या स्मृती बी-पेशींपैकी निम्म्यापर्यंत पेशी विषाणू घेऊन फिरत असतात. शरीर ज्या पेशींवर आठवणी जपण्याचे काम सोपवते, त्यांच्यातच बिऱ्हाड थाटणे, हे मला या विषाणूचे सर्वांत अचंबित करणारे कौशल्य वाटते. तो तिथपर्यंत कसा पोचतो यावर मतभेद आहेत. थॉर्ली-लॉसन यांच्या मते तो कोऱ्या बी-पेशीत शिरून तिला ग्रंथीतल्या प्रशिक्षणाच्या नेहमीच्या वाटेने नेतो. जर्मनीत राल्फ क्युपर्स यांच्या गटाने रुग्णांच्या टॉन्सिलमधली एकेक पेशी वेगळी काढून तपासली, तेव्हा बाधित पेशी त्या प्रशिक्षणात सामील न होता परस्परच वाढताना दिसल्या. मुक्कामाबद्दल मात्र दोघांत वाद नाही.

इथे एक गंभीर आक्षेप येतो आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. विषाणू पसरतो लाळेतून. लाळ तोंडात असते, बी-पेशी रक्तात आणि ग्रंथीत. मग घशाच्या अस्तराच्या पेशी, ज्यांना एपिथेलियल पेशी म्हणतात, त्या बाधित होत नाहीत असे कसे म्हणायचे? १९८४ मध्ये सिक्सबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रंथिज्वराच्या रुग्णांच्या घशातून खरवडलेल्या अस्तराच्या पेशींत विषाणूचा डीएनए दाखवला होता. त्यावरून बराच काळ असे मानले गेले की विषाणूचे मूळ घर अस्तरच आहे, बी-पेशी नंतर बाधित होतात. नव्वदच्या दशकात रुग्णांच्या टॉन्सिलचे काप अधिक अचूक रंगद्रव्यांनी तपासले गेले तेव्हा खुणा बी-पेशींत सापडल्या, अस्तरात नाही. पण यावरही खोलात जाणारा वाचक म्हणेल की त्या तपासण्या विषाणूच्या ज्या छोट्या आरएनए रेणूंवर भिस्त ठेवतात, ते रेणू अस्तरात वाढणारा विषाणू बनवतच नाही. एड्सच्या रुग्णांच्या जिभेच्या कडेला येणारे पांढरे खरखरीत चट्टे १९८५ मध्ये या विषाणूचे ठरले. तिथे अस्तराच्या पेशी विषाणूने खचाखच भरलेल्या असूनही ती आरएनए तपासणी कोरीच येते. आक्षेप रास्त आहे. म्हणून केवळ रंगवलेल्या कापांवर निवाडा देता येत नाही. निवाड्यासाठी शरीरातून एकेका प्रकारच्या पेशी काढून घेतल्या तर काय होते ते पाहायला हवे, आणि निसर्गाने व वैद्यकाने नकळत तसे प्रयोग केलेले आहेत.

पहिला प्रयोग बोन मॅरो बदलण्याचा. १९८८ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी नोंदवले की दुसऱ्याच्या अस्थिमज्जेचे रोपण झाल्यावर रुग्णाच्या अंगातला जुना विषाणू नाहीसा झाला, आणि पुढे आढळला तो बाहेरून नव्याने आलेला वाण. रोपणात रक्ताच्या पेशी बदलतात, घशाचे अस्तर मात्र रुग्णाचे स्वतःचेच राहते. घर अस्तरात असते, तर जुना वाण टिकायला हवा होता. दुसरा प्रयोग निसर्गाचा. ज्या मुलांमध्ये जन्मतः बी-पेशीच तयार होत नाहीत, त्यांच्या रक्तात किंवा घशाच्या चुळीत हा विषाणू सापडत नाही आणि त्याला ओळखणाऱ्या टी-पेशीही नसतात, असे १९९९ मध्ये दाखवले गेले. अशा मुलांना दात्यांचे प्रतिपिंड नियमित दिले जातात, तेच विषाणूला रोखत असतील, असे कोणी म्हणू शकेल. एकट्या या पुराव्याबद्दल ते खरेही असेल, पण बोन मॅरोच्या निष्कर्षाला ते लागू पडत नाही, आणि दोन वेगळ्या वाटांनी आलेले पुरावे एकाच ठिकाणी पोचतात. तिसरा पुरावा औषधाचा. असायक्लोव्हिर विषाणूची नवी पैदास थांबवते. ते दिले की लाळेतला विषाणू जवळजवळ नाहीसा होतो, पण रक्तातल्या बाधित बी-पेशींची संख्या तशीच राहते, आणि औषध बंद केले की लाळेत विषाणू परत येतो. राहण्याची आणि पिकण्याची जागा वेगळी आहे, हे याहून स्पष्ट कसे दिसावे?

तरीही अस्तराला मी या कथेतून हाकलणार नाही, कारण तिथे त्याचे स्वतःचे काम आहे. विषाणूकडे अस्तरात शिरण्याचीही वेगळी किल्ली आहे. जीएच आणि जीएल ही प्रथिनांची जोडी तिथे वापरली जाते, आणि अस्तराच्या पेशीवरचा ईफए-२ हा रेणू तिला सापडतो, हे २०१८ मध्ये कळले. २००२ मध्ये बोर्झा आणि हट-फ्लेचर यांनी एक फार सुंदर गोष्ट दाखवली. बी-पेशीत तयार झालेल्या विषाणूच्या अंगावर जीपी-४२ कमी असते, कारण बी-पेशीचे एचएलए रेणू ते आतच अडकवून टाकतात. जीपी-४२ कमी असलेला विषाणू बी-पेशीत शिरायला कच्चा, पण अस्तरात शिरायला पक्का असतो. अस्तरात तयार झालेल्या विषाणूवर मात्र जीपी-४२ भरपूर असते, त्यामुळे तो नव्या माणसाच्या बी-पेशींवर सहज झेपावतो. म्हणजे प्रत्येक घर विषाणूला पुढच्या घरासाठी तयार करून पाठवते. टॉन्सिलच्या खाचांत अस्तर अगदी पातळ असते आणि त्याच्या लगेच खाली बी-पेशींची दाटी असते, त्यामुळे ही ये-जा हाताच्या अंतरावर चालते. प्रयोगशाळेत थरांनी वाढवलेल्या तोंडाच्या अस्तरात विषाणू जोमाने वाढतो हेही २०१४ मध्ये दिसले. माणसाच्या लाळेत जितका विषाणू बाहेर पडतो, तितका केवळ मूठभर बी-पेशींतून निघणे कठीण, म्हणून अस्तरात त्याची संख्या वाढवली जाते, हा तर्क मला पटतो. अस्तर म्हणजे विषाणूची बाजारपेठ, बी-पेशी म्हणजे त्याचे घर. टी-पेशी आणि एनके (नैसर्गिक मारेकरी) पेशीही कधी बाधित होतात, विशेषतः जपान आणि पूर्व आशियात आढळणाऱ्या दीर्घकालीन, गंभीर आजारात. पण तो निराळा आणि विरळ रोग आहे, ग्रंथिज्वराचे चित्र त्यावरून रंगवता येत नाही.

उरला तिसरा प्रश्न: आजारी पाडते कोण? निम्म्या स्मृतिपेशी विषाणूने धरल्या, तर त्यांच्या नासाडीमुळेच माणूस आजारी पडतो, असे वाटेल. पुरावा तसे सांगत नाही. ऑक्सफर्डमध्ये मार्गारेट कॅलन यांच्या गटाने १९९८ मध्ये मोजले की ग्रंथिज्वराच्या भरात एखाद्या रुग्णाच्या मारेकरी टी-पेशींपैकी तब्बल ४४ टक्के पेशी या विषाणूच्या एकाच तुकड्याला ओळखणाऱ्या असतात. संपूर्ण शरीराची रोगप्रतिकारशक्ती एका वाक्याचा घोष करत असावी तसे हे दृश्य आहे. ग्रंथी, टॉन्सिल, पानथरी, यकृत सुजतात ते बहुतांशी या पेशींच्या गर्दीने, आणि ताप व गळाठा येतो तो त्यांनी सोडलेल्या रसायनांनी. लहान मुलांचे उदाहरण इथे निर्णायक आहे. गांबियात अगदी लहान वयात बाधा झालेल्या मुलांचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले निरीक्षण सांगते की त्यांच्या रक्तातला विषाणू ग्रंथिज्वराच्या रुग्णांइतकाच होता आणि त्याला ओळखणाऱ्या टी-पेशीही जाग्या होत्या, पण टी-पेशींची एकूण फौज फुगली नव्हती, आणि मुले आजारी दिसत नव्हती. भारतातही बहुतेकांची या विषाणूशी गाठ बालपणीच पडते, म्हणून ग्रंथिज्वराचे पाठ्यपुस्तकी चित्र इथे पाश्चात्त्य महाविद्यालयांइतके दिसत नाही. विषाणूची संख्या सारखी, आजार वेगळा. फरक प्रतिसादात आहे.

मग टी-पेशींना दोष द्यायचा का? उलट टोकाची उदाहरणे पाहिली की असे म्हणवत नाही. १९७५ मध्ये डेव्हिड पर्टिलो यांनी एका कुटुंबातल्या मुलग्यांत दिसणारा वंशागत विकार वर्णन केला. त्यांच्या टी-पेशी आणि एनके पेशी बाधित बी-पेशींना नीट मारू शकत नाहीत, आणि अशा मुलांना ग्रंथिज्वर प्राणघातक ठरू शकतो. अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णांतही बाधित बी-पेशी बेलगाम वाढून लिम्फोमा होऊ शकतो. म्हणजे बी-पेशींतला विषाणू एकटा सोडला तर तो निरुपद्रवी नाही. ग्रंथिज्वराचा त्रास हा त्याला वेसण घालण्याची किंमत आहे, आणि निरोगी माणसात ती बहुतेक वेळा काही आठवड्यांत चुकती होते.

यावरून व्यवहारातल्या कितीतरी गोष्टी समजतात. अँटिबायोटिक इथे काही करत नाही, उलट घसा जंतूंचा समजून अमॉक्सिसिलिन दिले तर अंगभर पुरळ येण्याची शक्यता असते. विषाणूरोधक औषध लाळेतला विषाणू घटवते पण ताप फारसा कमी करत नाही, कारण ताप विषाणूच्या पैदाशीचा नाही, प्रतिकाराचा आहे. सुजलेली पानथरी क्वचित फुटू शकते, म्हणून काही आठवडे कबड्डी, कुस्ती, जड वजन उचलणे टाळायला सांगतात. आणि लसीचे कोडेही इथेच सुटते. बेल्जियममधल्या संशोधकांनी १८१ तरुणांवर जीपी-३५० ची लस तपासली, आणि २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लस घेतलेल्यांत ग्रंथिज्वर सुमारे ७८ टक्के कमी झाला, पण बाधा होणे थांबले नाही. बी-पेशीच्या दाराशी विषाणूला अडवले, तर तो आत कमी संख्येने, सावकाश शिरला आणि शरीराने आरडाओरडा केला नाही, असे त्याचे स्पष्टीकरण देता येते. बाधाच टाळायची तर अस्तराचे दारही बंद करावे लागेल, म्हणून आता तपासल्या जाणाऱ्या काही लसींत जीपी-३५० च्या जोडीला जीएच, जीएल आणि जीपी-४२ या दुसऱ्या किल्ल्याही घातलेल्या आहेत.